विद्यासागरांची लेखणी आणि आमच्या शाळा

मुलास लिहिता येऊ लागले असे आपण केव्हा म्हणतो? अक्षर वळणदार झाले, फळ्यावरचा मजकूर वहीत बिनचूक उतरला, आणि शिक्षकांनी सांगितलेला निबंध पाठ करून परीक्षेच्या कागदावर जसाच्या तसा ओतला, म्हणजे मुलगा लिहावयास शिकला अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित आईबापांची आहे, आणि दुर्दैवाने पुष्कळ शाळांचीही आहे. ही समजूत साफ चुकीची आहे. दुसऱ्याचा मजकूर उतरविणे म्हणजे नक्कल करणे. आपल्या मनात आलेली गोष्ट आपल्या भाषेत, वाचणाऱ्यास नीट उमजेल अशा क्रमाने कागदावर मांडणे, याचे नाव लिहिणे. पहिले काम हाताचे व दुसरे बुद्धीचे. आमच्या शाळा हाताचे काम वर्षानुवर्षे घोटून घेतात आणि बुद्धीचे काम आपोआप येईल म्हणून सोडून देतात. ते आपोआप येत नाही. शालान्त परीक्षा उतरलेला मुलगा दुकानाच्या गादीवर बसला, आणि खराब माल आल्याबद्दल आडत्यास चार ओळी खरमरीत परंतु मुद्देसूद लिहिण्याची वेळ आली, म्हणजे त्याची कशी तारांबळ उडते हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

हा रोग नवा नाही, आणि त्यावर उपाय योजणारी माणसेही या देशात होऊन गेली आहेत. त्यांत बंगालचे पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे नाव अगदी वरच्या पंक्तीत घातले पाहिजे. विधवाविवाहाचे कैवारी म्हणून महाराष्ट्र त्यांस ओळखतो. परंतु मुलांनी अक्षर कसे शिकावे, व्याकरण केव्हा शिकावे आणि आपल्या भाषेत गद्य कसे लिहावे, या प्रश्नांसाठी त्यांनी आपल्या आयुष्याचा केवढा भाग वेचला, हे आमच्याकडे फारसे कोणास माहीत नाही. म्हणून त्यांचे चरित्र आज या एकाच अंगाने वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ईश्वरचंद्रांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बीरसिंह या खेड्यात झाला. हे गाव आज पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात आहे. वडील ठाकुरदास वंद्योपाध्याय हे कलकत्त्यास अल्प वेतनावर नोकरी करीत. मातोश्री भगवतीदेवी गावी घर सांभाळीत. घरात दारिद्र्य होते, परंतु विद्येची चाड होती. गावातील कालिकांत चट्टोपाध्याय यांच्या पाठशाळेत मुलाने धुळाक्षरे गिरविली. त्या काळच्या बंगाली पाठशाळांचे वर्णन विल्यम अ‍ॅडम यांनी १८३५ ते १८३८ च्या दरम्यान सरकारास सादर केलेल्या तीन अहवालांत सापडते. मूल प्रथम जमिनीवर अक्षरे काढी, मग ताडपत्रावर, मग केळीच्या पानावर आणि शेवटी कागदावर लिही. या शेवटच्या पायरीवर पत्रे, खतपत्रे आणि हिशेब शिकविले जात. आमच्याकडील पंतोजींच्या शाळांत धूळपाटीपासून मोडी खर्ड्यापर्यंत जी वाट होती, तिचीच ही बहीण. या शाळांत उणेपणा पुष्कळ होता. पाठांतर होते, छडी होती, आणि गावातील कित्येक जातींना व बहुतेक मुलींना तेथे दारही नव्हते. तथापि एक गोष्ट त्यांच्या पदरी घातली पाहिजे. लिहिणे हे संसारात उपयोगी पडावयाचे आहे, एवढी जाणीव त्या शाळेस होती.

१८२८ साली आठ वर्षांच्या ईश्वरास वडिलांनी कलकत्त्यास नेले. प्रवास पायी होता. पक्का रस्ता लागल्यावर कडेला पुरलेला दगड पाहून मुलाने विचारले की, वाटेवर हा मसाला वाटण्याचा पाटा कोणी पुरून ठेवला. वडिलांनी समजावून दिले की तो मैलाचा दगड असून त्यावर इंग्रजी आकड्यांत एकोणीस कोरले आहेत. पुढे एकेक दगड येत गेला, आकडा एकेकाने उतरत गेला, आणि दहाच्या दगडाशी पोचेपर्यंत मुलाने इंग्रजी अंक ओळखले. वडिलांस वाटले की उतरता क्रम ठाऊक असल्याने हा अंदाजाने सांगत असावा. म्हणून सहाचा दगड त्यांनी युक्तीने त्याच्या नजरेआड केला आणि पुढचा दगड दाखवून आकडा विचारला. मुलाने सांगितले की येथे सहा असावयास पाहिजे होते, परंतु कोरणाऱ्याने चुकून पाच कोरले आहे. ही गोष्ट विद्यासागरांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेविली आहे. बुद्धिमान बालकाची गंमत म्हणून ती सर्वत्र सांगतात. आम्हांस तीत दुसरेच काही दिसते. चिन्ह काय सांगते हे कळल्यावर ते शिकावयास मुलास एक दुपार पुरली. जे चिन्ह कशाचे आहे हेच कळत नाही, ते वर्षभर गिरवून घेतले तरी अंगी लागत नाही. अक्षर आधी की अर्थ आधी, या वादाचा निकाल त्या रस्त्यावर लागला होता.

१ जून १८२९ रोजी ईश्वरचंद्र कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात दाखल झाले. तेथे व्याकरणाचा अभ्यास बोपदेवाच्या ‘मुग्धबोधा’ने होत असे. हा बोपदेव देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीचा आश्रित, म्हणजे ग्रंथ मूळचा आमच्याच मुलखातला. परंतु बंगालमध्ये त्याचा जो उपयोग चालू होता तो ग्रंथकर्त्यासही रुचला नसता. संस्कृत भाषेचा गंधही नसलेल्या लहान मुलांकडून संस्कृतातच रचलेली त्रोटक सूत्रे घोकून घेत. सूत्राचा अर्थ कळेपर्यंत वर्षे लोटत, आणि एवढे करून भाषा येत नसे ती नसेच. ईश्वरचंद्र तल्लख होते म्हणून ते या घाण्यातून शाबूत बाहेर पडले. ज्यांस तेवढी बुद्धी नव्हती अशा सोबत्यांचे काय झाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि ते ते विसरले नाहीत.

आता ज्या प्रसंगासाठी हे चरित्र आम्ही मुख्यत्वे हाती घेतले, तो सांगतो. १८३८ साली कॉलेजात नवा नियम झाला की वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी वार्षिक परीक्षेत संस्कृत गद्य व पद्य स्वतः रचून लिहावे. प्रत्येकात जो सरस ठरेल त्यास शंभर रुपये बक्षीस मिळेल. त्या काळी शंभर रुपये ही गरिबाच्या घरी मोठी ठेव होती. परंतु परीक्षेच्या वेळी ईश्वरचंद्र जागेवर नव्हते. आपल्यास संस्कृतात काही चांगले लिहिता येणे शक्यच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. काव्ये मुखोद्गत, व्याकरण तोंडपाठ, वर्गात सर्वांच्या पुढे. तरी कोऱ्या कागदासमोर बसावयाचे म्हटले की हा विद्यार्थी अंग चोरीत असे! अलंकारशास्त्राचे अध्यापक प्रेमचंद्र तर्कवागीश यांनी त्यांस गैरहजर पाहिले, शोधून आणले आणि जवळजवळ बळेच जागेवर बसविले. विषय होता सत्य बोलण्याचा महिमा. ईश्वरचंद्र बराच वेळ नुसते बसून राहिले. गुरुजी पुन्हा येऊन पाहतात तो कागद कोराच. तेव्हा त्यांनी रागे भरून आरंभ कसा करावा एवढे सुचविले आणि ते निघून गेले. उरलेल्या वेळात ईश्वरचंद्रांनी काही लिहिले, आणि परीक्षक हसतील अशी मनाशी खूणगाठ बांधून ते घरी गेले. निकाल लागला तेव्हा गद्याचे शंभर रुपये त्यांसच मिळाले.

वाचकहो, या प्रसंगाचा नीट विचार करा. पुढे ज्या पुरुषास रवींद्रनाथांनी बंगाली गद्याचा पहिला खरा शिल्पी मानले, तो अठराव्या वर्षी कागदास भीत होता. ही भीती बुद्धीच्या उणिवेने आलेली नव्हती. नऊ वर्षांच्या शिक्षणात त्याने ग्रहण खूप केले होते, परंतु स्वतःचे म्हणून काही मांडण्याचा सराव त्यास कोणी दिलाच नव्हता. तिचे मूळ येथे होते. गुरूनेही त्यास निबंध सांगितला नाही किंवा नमुना पुढे टाकला नाही. त्याने बसविले, तोंडाशी दोन शब्द दिले आणि बाकीचे काम शिष्यावर सोडले. लिहावयास शिकविणे याचा अर्थ एवढाच आणि एवढा कठीण आहे. आमच्या शाळांत नेमके याच्या उलट चालते. ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मकथन’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हे विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि त्यांवरील तयार निबंध मार्गदर्शिकेतून वहीत व वहीतून उत्तरपत्रिकेत असा प्रवास करतात. वर्गातील पन्नास मुलांच्या पन्नास पावसाळ्यांत एकच मोर नाचतो आणि एकच इंद्रधनुष्य उगवते; ज्या मुलाच्या घरात त्या पावसाने पाणी शिरले होते, त्याच्याही वहीत मोरच! आता तर संगणकास विषय सांगितला की क्षणात निबंध तयार होऊन बाहेर पडतो. तेव्हा सांगितलेला मजकूर उतरविण्याच्या विद्येस बाजारातही काही मोल उरले नाही, हे व्यवहारी लोकांनी तरी ओळखावे.

१८३९ साली हिंदू धर्मशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्यावर त्यांच्या नावापुढे विद्यासागर ही पदवी लागली, आणि १८४१ च्या अखेरीस फोर्ट विल्यम कॉलेजात मुख्य पंडित म्हणून दरमहा पन्नास रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. तेथे इंग्रज अंमलदारांस बंगाली शिकवावी लागे, आणि शिकवावयास बसल्यावर कळून आले की शिकविण्याजोगे सरळ गद्य भाषेत फारसे नाहीच. बंगालीत पद्य विपुल होते. गद्य होते ते एक तर संस्कृत समासांच्या ओझ्याने वाकलेले, नाही तर कचेरीच्या फारसी वळणाचे. १८४७ साली विद्यासागरांनी हिंदीवरून ‘वेतालपंचविंशति’ रचून प्रसिद्ध केली. वेताळपंचविशी आमच्या वाचकांच्याही परिचयाची आहे, गोष्टी जुन्याच. नवे होते ते वाक्य. वाक्य कोठे सुरू होते, श्वास कोठे घ्यावयाचा, कर्त्याचा हात क्रियापदास कोठे मिळतो, हे वाचणाऱ्यास चाचपडावे लागू नये असा बेत त्यांनी केला. पूर्वी बंगालीत एक दंड व दोन दंड याखेरीज खुणा नसत. विद्यासागरांनी स्वल्पविराम व इतर विरामचिन्हे पद्धतशीरपणे रुळविली. मराठीत हेच काम त्याच सुमारास मेजर कँडी यांच्या हातून झाले. एवढ्याशा स्वल्पविरामात काय आहे, असे कोणी म्हणेल. ज्यांनी दस्तऐवजातील एका स्वल्पविरामापायी वर्षानुवर्षे दावे लढविले आहेत, त्या पक्षकारांस विचारावे.

चांगले लिहिले तरी ते स्वस्त छापून मुलांच्या हाती पडले पाहिजे, हेही त्यांनी जाणले. मित्र मदनमोहन तर्कालंकार यांच्या भागीत त्यांनी सहाशे रुपये कर्ज काढून संस्कृत प्रेस नावाचा छापखाना घातला. भारतचंद्र कवीचे ‘अन्नदामंगल’ शुद्ध करून छापले. त्याच्या शंभर प्रती फोर्ट विल्यम कॉलेजाने सहाशे रुपयांस घेतल्या आणि कर्ज फिटले. पुढे हा छापखाना व पुस्तकांचे दुकान हेच त्यांच्या स्वातंत्र्याचे साधन झाले. वरिष्ठांशी मतभेद होताच १८४७ साली त्यांनी संस्कृत कॉलेजातील साहाय्यक चिटणिसाची जागा सोडली, तेव्हाही त्यांस कोणाची मिनतवारी करावी लागली नाही. पंडिताने हिशेब जाणू नये अशी आमच्याकडे एक वेडगळ समजूत आहे. विद्यासागरांस ती नव्हती.

१८५० च्या अखेरीस ते कॉलेजात परत आले आणि जानेवारी १८५१ मध्ये मुख्याध्यक्ष झाले. येताच त्यांनी अभ्यासक्रमाविषयी सविस्तर अहवाल दिला. त्यात लहान मुलांस ‘मुग्धबोध’ घोकावयास लावण्यात वर्षे फुकट जातात, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले आणि व्याकरणाची तत्त्वे प्रथम बंगालीतून शिकवावी अशी सूचना केली. नुसती सूचना करून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी संस्कृत व्याकरणाची ‘उपक्रमणिका’ त्यांनी सोप्या बंगालीत लिहून काढली, आणि १८५३ पासून ‘व्याकरणकौमुदी’चे भाग निघू लागले. संस्कृताच्या या कट्टर पंडिताने संस्कृताच्या दाराशी मातृभाषेस उभे केले! १८५२ सालच्या टिपणात त्यांनी आपले धोरण अधिक स्पष्ट केले. बंगाली भाषेत ज्ञानसंपन्न वाङ्मय निर्माण करणे हे बंगालच्या शिक्षणाधिकाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय. ज्यांस आपले विचार सुबोध व रूढ बंगालीत मांडता येत नाहीत, त्यांच्या हातून ते होणार नाही. आणि नुसते इंग्रजी शिकलेले लोक येथे लंगडे पडतात, असा त्याचा मथितार्थ आहे. इंग्रजीचा त्यांस तिटकारा होता असे मात्र कोणी समजू नये. कॉलेजात इंग्रजी सक्तीचे त्यांनीच केले. त्यांचे म्हणणे एवढेच की ज्ञान कोठूनही आणा, पण ते आपल्या माणसांस आपल्या भाषेत सांगता आले पाहिजे. १८५१ पासून ब्राह्मण व वैद्य यांच्याखेरीज कायस्थ मुलांस, व पुढे इतर हिंदू मुलांस कॉलेजाचे दार त्यांनी उघडले, तेही याच धोरणास धरून होते.

१८५५ साली त्यांनी ‘वर्णपरिचय’ या नावाने मुळाक्षरांची दोन पुस्तके प्रसिद्ध केली. एप्रिलात पहिला भाग व जूनमध्ये दुसरा. मोठ्या पंडिताने बाराखडीचे पुस्तक लिहावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पण पुस्तक उघडून पाहिल्यास ध्यानी येते की या चिमुकल्या कामात त्यांनी केवढा विचार ओतला होता. बंगाली मुले तेव्हा सोळा स्वर व चौतीस व्यंजने घोकीत. विद्यासागरांनी पाहिले की दीर्घ ॠ व दीर्घ ॡ यांचा बंगालीत प्रयोगच होत नाही. ते त्यांनी काढून टाकले. अनुस्वार व विसर्ग स्वरांतून उचलून व्यंजनांत बसविले. क्ष हे जोडाक्षर आहे म्हणून मूळ वर्णांतून वगळले, आणि ज्या अक्षरांचा उच्चार बोलण्यात निराळा होतो त्यांस निराळे स्थान दिले. येणेप्रमाणे बारा स्वर व चाळीस व्यंजने ठरली. परंपरेपेक्षा मुलाचे तोंड व कान यांस त्यांनी प्रमाण मानले, हे यातले मुख्य.

त्याहूनही आम्हांस मोलाच्या वाटतात त्या त्यांनी शिक्षकांस दिलेल्या सूचना. दुसऱ्या भागात जोडाक्षरे आहेत. त्यांची उदाहरणे म्हणून दिलेल्या शब्दांची केवळ अक्षरे फोडून दाखवावी, अर्थ पढविण्याच्या भरीस पडू नये, असे त्यांनी सांगितले. कारण एका वेळी दोन ओझी मुलाच्या डोक्यावर नकोत. अर्थासाठी त्यांनी मधून मधून निराळे पाठ घातले, तेही मुलास पूर्णपणे समजतील अशा विषयांचे व अगदी सोप्या भाषेत, म्हणजे नुसत्या शब्दांच्या रांगांनी त्यास कंटाळा येऊ नये. पुस्तक निघून वीस वर्षे झाली, साठावी आवृत्ती आली, तरी हा गृहस्थ शाळांत काय चालते ते पाहतच होता. मुले अ म्हणण्याऐवजी स्वरातला अ असे म्हणतात, ही सवय मोडावी अशी सूचना त्याने या आवृत्तीत घातली. शब्दाच्या शेवटचा अकार कोठे उच्चारावयाचा व कोठे नाही, याचा मुलांस घोटाळा होतो हे पाहून अशा शब्दांवर खूण केली. चूक मुलाची नाही, पुस्तकाची आहे, असे समजून साठाव्या आवृत्तीतही पुस्तक सुधारणारे ग्रंथकार किती असतील?

पुस्तकापुढे शिक्षक आले. १८५५ च्या मे महिन्यापासून कॉलेजाचे काम सांभाळून त्यांच्याकडे शाळा तपासण्याचेही काम आले. नदिया, वर्धमान, हुगळी व मेदिनीपूर या चार जिल्ह्यांत प्रत्येकी पाच, अशा वीस नमुनेदार बंगाली शाळा त्यांनी काढल्या, आणि शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल स्कूल उघडून त्यावर अक्षयकुमार दत्त यांच्यासारख्या नामांकित गद्यलेखकास नेमले. ज्यास स्वतः लिहिता येते त्याच्याच हाती लिहिणे शिकविणारांचे शिक्षण त्यांनी दिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८५७ व १८५८ या दोन सालांत त्यांनी मुलींच्या पस्तीस शाळा काढल्या. खर्चास मंजुरी देण्यात सरकारने टाळाटाळ केली, आणि इतर मतभेदांची त्यात भर पडून १८५८ साली त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पुढे मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशन ही संस्था त्यांनी सर्वस्वी देशी अध्यापकांच्या बळावर कॉलेजाच्या पदवीस नेली. आज ती विद्यासागर कॉलेज या नावाने चालू आहे. तेथे मुलास मारण्याची त्यांनी मनाई केली होती. शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करू नये हा कायदा देशाने २००९ साली केला, यावरून हा पुरुष किती पुढे पाहत होता याचा हिशेब वाचकांनीच करावा.

विधवाविवाहाच्या चळवळीविषयी येथे विस्तार करीत नाही. १८५५ सालच्या त्यांच्या दोन पुस्तकांनी बंगाल ढवळून निघाला, १८५६ साली कायदा झाला, आणि त्यांच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर करून विष्णुशास्त्री पंडित यांनी महाराष्ट्रात तोच वाद जागविला. इतकेच सांगतो की ज्या लेखणीने अक्षरओळख लिहिली तिनेच शास्त्रार्थ लिहिला आणि कायदेमंडळास हलविले. लिहिता येणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे?

विद्यासागरांच्या कामात दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. त्यांची भाषा संस्कृतप्रचुर आहे हा आक्षेप त्यांच्या हयातीतच निघाला. ‘वर्णपरिचया’तील शहाणा गोपाल सांगितलेले निमूटपणे ऐकतो आणि खोडकर राखालास कोणी जवळ करीत नाही, अशा आज्ञाधारक मुलांतून स्वतंत्र बुद्धीची माणसे कशी निपजावी, असेही पुष्कळांनी विचारले आहे. ते खरे आहे. ज्या कॉलेजाचे दार त्यांनी किलकिले केले ते सर्व जातींस सताड उघडलेही नाही. पण या ठिकाणी महाराष्ट्रास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या १८५५ साली कलकत्त्यास ‘वर्णपरिचय’ निघाला, त्याच साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्या मुलीस कोणी मोर व इंद्रधनुष्य पुरविले नव्हते. तिने आपल्या लोकांचे हाल आपल्या शब्दांत लिहिले, आणि पावणेदोनशे वर्षे होत आली तरी ते वाचले जातात. शाळेने मुलास त्याचे स्वतःचे बोलणे कागदावर आणू दिले म्हणजे काय होते, याचा पुरावा बंगालात शोधावयास नको. तो आमच्या पुण्यातच आहे.

आता प्रस्तुत काळाकडे वळू. आमची सूचना फार मोठी नाही. प्रत्येक मुलाने आठवड्यास एकदा, थोडे का होईना, स्वतःच्या माहितीचे लिहावे. बाजार, शेत, गिरणी, आजीचे दुखणे, बापाचे दुकान, जे त्याने पाहिले ते. घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचे पहिले शब्द त्याच्या घरचे असले तर ते खोडू नयेत. ग्रंथभाषा त्याच पायावर चढते. शिक्षकांनी सारी वही तांबडी करू नये. एका वेळी एक दोष दाखवावा आणि तोच मजकूर मुलाकडून पुन्हा लिहवून घ्यावा. व्याकरण त्याच्याच वाक्यांतून शिकवावे. शिक्षकांनी स्वतःही मुलांदेखत लिहावे आणि खोडावे, म्हणजे मोठ्यांचेही पहिल्या दमात सरस उतरत नाही हे मुलांस दिसेल. परीक्षकांनी पाठ केलेल्या सुंदर निबंधापेक्षा स्वतःच्या ओबडधोबड चार ओळींस अधिक गुण द्यावे. हे एक झाले तर मार्गदर्शिका आपोआप दुकानात पडून राहतील.

कोणी म्हणेल, वर्गात साठ मुले, शिक्षकामागे शंभर सरकारी कामे, एवढ्या वह्या तपासावयाच्या कोणी? अडचण खरी आहे, आणि ती शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. परंतु साठ मुलांनी उतरलेला एकच निबंध साठ वेळा तपासण्यास जो वेळ जातो, तोच या कामी लावता येईल. आणि मुलांनी एकमेकांचे वाचून, समजले नाही तेथे खूण केली तरी निम्मे काम होते. नागरिकांसही यात हात आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांतून शाळा व्यवस्थापन समिती नेमली आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावेत असे ठरविले आहे. त्या समितीत जाऊन इमारतीचा रंग व स्नेहसंमेलनाची वर्गणी यांवर जेवढी चर्चा होते, तिच्या चौथाईने तरी विचारावे की आमच्या मुलाने या महिन्यात स्वतःचे असे काय लिहिले? ती वही दाखवा.

हा केवळ गुणांचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. आमच्या वकिलीच्या धंद्यात रोज दिसते की, ज्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत कागदावर येत नाही, तो दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली सही करतो आणि मग त्या मजकुराचा बांधील होतो. घराची जप्ती येते तेव्हा कळते की आपण कशावर सही केली होती. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने सामान्य मनुष्याच्या हाती मोठे शस्त्र दिले. परंतु ते चालवावयास अर्ज लागतो, आणि ज्यास लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती अधिकाऱ्याने लिहून घेण्यास मदत करावी अशी सोय कायद्यासच करावी लागली. ज्याच्याविरुद्ध विचारावयाचे त्याच्याच हातून प्रश्न लिहून घेण्याची पाळी स्वतंत्र देशाच्या नागरिकावर यावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. मतपेटीपाशी अंगठा चालेल. राज्यकारभारास जाब विचारताना तो चालत नाही.

विद्यासागर २९ जुलै १८९१ रोजी निवर्तले. उत्तरवयात ते कर्माटाड येथे संथाळ लोकांत जाऊन राहत. तेथे त्यांस भेटलेल्या हरप्रसाद शास्त्री यांनी आठवण लिहून ठेविली आहे की, हे वृद्ध पंडित मुलांच्या पुस्तकाची प्रुफे घेऊन बसले होते आणि त्यांत पुष्कळ खाडाखोड करीत होते. याहून चांगला शब्द सापडेल असे त्यांस वाटत होते. अठराव्या वर्षी कागदास भिऊन दडलेला मुलगा तो हाच. त्यास एका गुरूने बसविले, आणि त्याने साऱ्या प्रांतास लिहिते केले. आमच्या शाळांच्या बाकांवर आज असे किती दडलेले आहेत, हे त्यांस स्वतःचे चार शब्द लिहावयास बसविल्यावाचून कोणास कळणार?